मास्टर्ससाठी जर्मनीतलं कोणतं शहर? श्टुटगार्ट, ड्रेस्डेन की हॅम्बर्ग?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. लेक नाशिकलाच ई अँड टीसी करून बी.ई. झाली, थोडी नोकरी केली आणि आता मास्टर्सला जर्मनीत निघाली आहे. एपीएसचं (भारतीय पदव्या तपासणाऱ्या जर्मन कचेरीचं) प्रमाणपत्र हातात आहे, जर्मन ए-टू झालंय, बी-वनचा क्लास चालू आहे. तिला चिप डिझाइनमध्ये जायचंय. तीन ठिकाणी प्रवेश मिळालाय: श्टुटगार्टला इन्फोटेक, ड्रेस्डेनच्या टीयूत (तांत्रिक विद्यापीठात) नॅनोइलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स आणि हॅम्बर्गच्या टीयूत मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स अँड मायक्रोसिस्टिम्स.

घरात माणसं तीन आणि मतंही तीन. ह्यांचं म्हणणं श्टुटगार्ट, कारण मर्सिडीज आणि बॉश. लेकीला हॅम्बर्ग हवंय, कारण तिची कॉलेजातली मैत्रीण तिथे आहे. मला खर्चाच्या दृष्टीने ड्रेस्डेन बरं वाटत होतं, पण नणंदेच्या जावयांनी "पूर्वेकडे मुलीला एकटीला पाठवू नका" असं सांगून माझी झोप उडवली. कर्ज काढतोय, त्यामुळे पैशाचा विचार आहेच. तिथे राहिलेल्यांनी खरं काय ते सांगा. एजंटचं ऐकून कान किटले आहेत.

फुलपात्र
पहिली मी! चांगला धागा. माझा भाचा पुढच्या वर्षी जाणार आहे, वाचत राहीन.

डोंगरदऱ्या
म्युनिक का नाही? जर्मनी म्हटलं की म्युनिक.

इसारकाठी
@डोंगरदऱ्या, म्युनिकच्या टीयूने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो, कोर्सप्रमाणे. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य तिथे संपलं. वर खोलीला सातशे-आठशे युरो महिना, तेही मिळाली तर. मी इथे नोकरी करतो म्हणून परवडतं. गणपतीला मराठी माणसं इतकी जमतात की डेक्कनला आल्यासारखं वाटतं, हे मान्य. पण ताईंच्या यादीत म्युनिक नाहीच, तर सोडा.

ताई, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग सगळी आली. चार सत्रांचे ६,००० युरो, आजच्या भावाने सहा लाखांच्या वर. ड्रेस्डेन आणि हॅम्बर्गला ही फी नाही, फक्त सत्रशुल्क. हा फरक घरात आधी मांडा.

गोदाकाठ
इसारकाठी, धन्यवाद. फीचं माहीत होतं, पण ह्यांचं म्हणणं "सहा लाख तिथे अर्धवेळ नोकरीत निघतील".

वाड्यातला_वात्रट
सगळ्या वडिलांना ते सहा लाख निघताना दिसतात. कोणी काढायचे ते मात्र लेकरू बघेल. (दिवे घ्या)

नेकारकडेचा
श्टुटगार्टबद्दल लिहितो, मी इन्फोटेकच केलंय.

कोर्स चांगला आहे. विद्यापीठाचा तांत्रिक भाग फायहिंगेनला आहे, गावाबाहेर, जंगलाला लागून. एस-बान (लोकल गाडी) थेट कॅम्पसच्या खाली थांबते, स्टेशनचं नावच युनिव्हर्सिटेट. विद्यार्थ्यांची वसतिगृहं तिथेच चालत अंतरावर आहेत. त्यात खोली मिळाली तर निम्मं काम झालं. नाही मिळाली तर बाहेर साडेपाचशे-सहाशे युरो धरून चाला आणि घरमालकापुढे मुलाखतीची तयारी ठेवा.

कंपन्यांचं काकांचं म्हणणं चुकीचं नाही. बॉश, मर्सिडीज, पोर्शे आणि त्यांना माल पुरवणाऱ्या शेकडो लहान कंपन्या. बॉशचा चिपचा जुना कारखाना जवळच रॉयटलिंगेनला आहे. पण हल्लीचं वारं वेगळं आहे. बॉशने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये १३,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, त्यातल्या बऱ्याच ह्याच परिसरातल्या. माझ्या वेळी वेर्कश्टुडेंटची (शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ) नोकरी तिसऱ्या अर्जात मिळायची, आता ज्युनियर पोरं अर्ज करून करून थकलीत. मोटारींच्या नावावर शहर निवडू नका एवढंच.

आणि केअरवोखं! ज्या आठवड्यात तुमची पाळी, त्या आठवड्यात जिना आणि इमारतीपुढचा रस्ता झाडायचा. शेजारीण दाराच्या मुठीला पाटी अडकवून जाते, तुमचं झालं की तुम्ही पुढच्याच्या दाराला अडकवायची. माझ्या शेजारच्या आजी मी झाडून झाल्यावर चष्मा लावून कोपरे तपासायच्या.

फुलपात्र
नेकारकडेचा, ह्या आजी आमच्या सोसायटीत पाठवता का?

बाब्या_ड्रेस्डेनकर
काकू, मी सध्या ड्रेस्डेनलाच आहे, तुमची लेक जो कोर्स करणार आहे तोच, दुसरं वर्ष. मूळचा साताऱ्याचा. जरा मोठं लिहितो.

आधी चिपबद्दल. युरोपात चिपचं काम एका जागी सगळ्यात जास्त कुठे होत असेल तर इथे. इन्फिनिऑन, ग्लोबलफाउंड्रीज, बॉश (त्यांचा नवा कारखाना २०२१ ला सुरू झाला) हे आहेतच. वर तैवानच्या टीएसएमसीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये कारखान्याची पायाभरणी केली. त्यात ७० टक्के त्यांचे आणि बॉश, इन्फिनिऑन, एनएक्सपी ह्यांचे प्रत्येकी १० टक्के. पूर्व जर्मनीच्या काळापासून मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स इथे आहे, काल उगवलेलं नाही. फ्राउनहोफरच्या संशोधन संस्था आहेत, तिथे विद्यार्थ्यांना काम आणि थीसिस मिळतो. मी एका प्रयोगशाळेत हिवी, म्हणजे विद्यार्थी-सहाय्यक आहे.

लेकीला एक सांगा. ऑसिलेटर शिकताना बार्कहाउझन क्रायटेरियन घोकला असेल ना, तो बार्कहाउझन इथलाच प्राध्यापक. १९११ साली आला. आमच्या विभागाच्या इमारतीला त्याचंच नाव आहे. पहिल्या दिवशी पाटी वाचून मी फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, तर एकाने लिहिलं, "ह्याच्यामुळे माझी केटी लागली होती."

राहण्याचं: वसतिगृहात साधारण तीनशे युरोंत खोली मिळते, अर्ज वेळेवर केला तर. बाहेर गोरबित्स, प्रोहलिस भागात जुन्या पूर्व जर्मन पद्धतीच्या उंच इमारती आहेत, तिथे स्वस्त. नॉयश्टाड्ट भाग तरुणांचा, गजबजलेला, पण तिथे खोली शोधणं म्हणजे मुंबईत लोकलला खिडकी शोधणं. कॅम्पसला ६१ नंबरची बस जाते. सकाळी सव्वानऊच्या लेक्चरआधी ती बस बघा, साताऱ्याची एसटी परवडली.

वाईट बाजू: मराठी माणसं कमी, भारतीय किराणा आहे पण म्युनिकसारखा नाही. जर्मन येत नसेल तर सरकारी कचेरीत हाल होतात. आणि नदीवरचा कारोला पूल २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पहाटे चक्क पडला, ट्रामच्या रुळांसकट! कोणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून ट्रामचे मार्ग फिरले आहेत.

वाड्यातला_वात्रट
जर्मनीत पूल पडतो हे वाचून आमच्या पीडब्ल्यूडीबद्दलचा आदर वाढला.

लेकमाहेरी
बाब्या, सगळं लिहिलंस, पण काकूंनी विचारलं ते सफाईने टाळलंस. मुलगा म्हणून तुला ते जाणवत नसेल.

मी लाइपझिगला पीएचडी करते, त्याच सॅक्सनी राज्यात. काकू, जावयांचं म्हणणं हवेतलं नाही. पेगिडा ह्या स्थलांतरितांविरोधी चळवळीचे मोर्चे २०१४ साली ड्रेस्डेनमध्येच सुरू झाले. २०२४ च्या सॅक्सनीच्या निवडणुकीत एएफडी ह्या स्थलांतरविरोधी उजव्या पक्षाला ३०.६ टक्के मतं पडली, पहिल्या क्रमांकापेक्षा जेमतेम एक टक्क्याने कमी. म्हणजे ट्राममध्ये बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तुम्ही इथे नको आहात, हे मनात राहतं. प्रत्यक्षात काय होतं? मला एकदा ट्राममध्ये एका दारू प्यायलेल्याने "परत जा" म्हणून सुनावलं. समोरच्या बाईने त्याला असा काही झापला की तो पुढच्या थांब्यावर उतरला. दुकानात मुद्दाम उशीर करणं, प्रश्नाला उत्तर न देणं, असलं किरकोळ जास्त होतं. विद्यापीठाच्या परिसरात आणि नॉयश्टाड्टमध्ये मला कधी भीती वाटली नाही. लहान गावांत रात्री उशिरा एकटी मी जात नाही.

उलट बाजूही सांगते. रात्री अकराला प्रयोगशाळेतून एकटी सायकलने घरी जाते, हे मी पुण्यात कधी केलं नव्हतं. तेव्हा "पाठवू नका" हे मला पटत नाही, आणि "काही नसतं तिकडे" हेही नाही.

बाब्या_ड्रेस्डेनकर
लेकमाहेरी, बरोबर आहे. आमच्या वर्गातल्या मुलींना विचारलं, त्या साधारण तुझ्यासारखंच म्हणाल्या. एकीने सांगितलं की सोमवारी संध्याकाळी मोर्चा असेल तर ती गावाच्या मध्यातून जात नाही.

गोदाकाठ
लेकमाहेरी, असं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नाशिकरोडला रात्री अकराला मला दूध आणायला पाठवत नाहीस, तिथलं काय विचारतेस!"

कोकणातला_क्लार्क
स्पष्ट बोलतो. शहराचा इतका कीस कशाला? दोन वर्षं शिकायला जायचंय, सासरी नाही. चांगलं विद्यापीठ बघा, डोळे मिटून जा. आमच्या वेळी रत्नागिरीहून मुंबईला आलो तेव्हा कुणी धागे काढले नव्हते.

इसारकाठी
क्लार्कसाहेब, नाही पटलं. जर्मनीत विद्यापीठांच्या दर्जात आपल्याकडे असतो तसा आभाळ-पाताळाचा फरक नाही. सरकारी विद्यापीठातली पदवी सगळीकडे चालते. फरक पडतो तो कोर्सच्या विषयांत, खोलीत आणि आजूबाजूच्या कामात. आणि दोन वर्षं कसली? बहुतेकांना पाच-सहा सत्रं लागतात. इंटर्नशिप, थीसिस, एखादा राहिलेला पेपर. एका विषयाला बहुतेक ठिकाणी दोन-तीनच संधी असतात, त्या संपल्या की तो कोर्स तिथेच बंद. म्हणून पोरं परीक्षा पुढे ढकलतात. खोलीभाड्यातला महिना तीनशेचा फरक तीन वर्षांनी गुणून बघा.

ताई, लेकीला तिन्ही कोर्सचं मोडुलहांडबुख उतरवून घ्यायला सांगा. प्रत्येक विषयात काय शिकवतात, परीक्षा कशी, कोणत्या भाषेत, सगळं त्यात असतं. इन्फोटेकचा पसारा मोठा आहे, त्यात कम्युनिकेशनपासून एम्बेडेडपर्यंत सगळं येतं. ड्रेस्डेनचा कोर्स थेट उपकरणं आणि सर्किटचा. चिप डिझाइन म्हणताना तिला नेमकं काय हवंय ते तिथे कळेल.

नेकारकडेचा
+१. इन्फोटेकमधून माझे निम्मे मित्र शेवटी सॉफ्टवेअरमध्ये गेले.

एल्बेपार
हॅम्बर्गकरीण आले! मोईन!

टीयू हॅम्बर्ग मुख्य शहरात नाही हो, एल्बे नदीच्या दक्षिणेला हारबुर्गला आहे. जुन्या लष्करी बराकीच्या इमारतीत मुख्य कार्यालय. विद्यापीठ आटोपशीर आहे, प्राध्यापक नावाने ओळखतात. एनएक्सपीचं मोठं ठाणं इथेच आहे, म्हणजे चिपचं काम आहे. एअरबस फिंकेनवेर्डरला. शहर म्हणाल तर माझं फार लाडकं. बंदर, पाणी, जगभरची माणसं. मी इथे आल्यापासून "कुठून आलीस" हा प्रश्न कमीच ऐकला.

पण खोल्या! मैत्रीण आहे म्हणून हॅम्बर्ग, हे ठीक. ती तिच्या खोलीत राहू देणार का, हे आधी विचारा. वेगेमध्ये (अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात) दुसऱ्या माणसाला महिनोन् महिने ठेवलं तर बाकीचे कुरकुरतात, आणि घरमालकाचं पत्र नसेल तर आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) होत नाही. ते झाल्याशिवाय राहण्याच्या परवान्याचं पुढे सरकत नाही. बाहेर खोली सहाशेच्या आसपास. पाऊस आपल्यासारखा धो-धो नाही, आडवा आणि दिवसभर. छत्री उलटी होते, रेनकोट घ्या.

डोंगरदऱ्या
सगळे टीयू-टीयू करताय. होखशूलंचं (प्रात्यक्षिकावर भर देणाऱ्या कॉलेजांचं) कोणी बोलत नाही. माझ्या पुतण्याने बव्हेरियातल्या एका लहान गावातल्या होखशूलंत केलं. प्रात्यक्षिक जास्त, खर्च कमी, नोकरी लगेच. लहान गाव म्हणून नाक मुरडू नका.

कोकणातला_क्लार्क
मी तेच म्हणत होतो की शहराला काही अर्थ नाही.

डोंगरदऱ्या
तुम्ही ते म्हणत नव्हता :)

पाटीपेन्सिल
अवांतर करते, क्षमस्व. शहर निवडण्यावरून आठवलं, इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या होत्या. मानववंशशास्त्रात कवट्यांच्या असममितीवर (डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावर) प्रबंध. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता. बाईंनी मोजमापं करून उलटाच निष्कर्ष काढला, वंशाचा आणि त्याचा संबंध नाही म्हणून. त्या बर्लिनमध्ये! ह्या धाग्यावर सॅक्सनीचं वाचताना सारखं तेच डोक्यात होतं.

लेकमाहेरी
पाटीपेन्सिल, अवांतर कसलं, छान. अजून एक: हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत सोन्थायमर होते, खंडोबा-बिरोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलं. जेजुरीच्या पायऱ्या आपल्यापेक्षा जास्त चढले असतील.

वाड्यातला_वात्रट
म्हणजे मुलगी ड्रेस्डेनला आणि आपण सगळे जेजुरीला. धागा भरकटला.

सुगरणबाई
भरकटलाच आहे तर विचारते, कुकर नेऊ देतात का? आणि रविवारी दुकानं बंद असतात हे खरं?

एल्बेपार
कुकर चेक-इन बॅगेत खुशाल. तीन लिटरचा, जास्त मोठा नको, होस्टेलच्या कपाटात मावत नाही. रविवारी सगळं बंद, मोठ्या स्टेशनातली दुकानं सोडून. शनिवारी संध्याकाळी पीठ संपल्याचं लक्षात येणं हा इथला खरा कल्चर शॉक.

रोखठोक_रमाकांत
पैशाचं कोणी नीट मांडत नाहीये, मी मांडतो. मुलगा आता शिकून नोकरीला लागला, हिशेब मीच ठेवायचो.

ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी पैसे आधी भरून ठेवायचं खातं) २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ हातात पडतात. त्यात आरोग्य विमा दीडशेच्या घरात. मग खोली. ड्रेस्डेनला तीनशे गेले तर जेवण-खाण, फोन, कपडे करून पाचशे उरतात, आरामात भागतं. हॅम्बर्ग-श्टुटगार्टला सहाशे गेले तर अडीचशेत महिना. मग पहिल्या दिवसापासून नोकरी शोधावी लागते आणि पहिलं सत्र अभ्यासाचं वाटोळं होतं. आमच्या ओळखीतल्या दोघांचं असंच झालं. वर रेडिओ-टीव्हीचा कर महिना १८.३६ युरो, टीव्ही असो-नसो. तो घरटी असतो, त्यामुळे वेगेत वाटून घेता येतो.

नोकरीचं: २०२४ पासून वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातली हिवीची नोकरी त्यात मोजत नाहीत. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो. ताईंच्या यजमानांना सांगा, सहा लाख निघतात, पण गोदामात खोकी उचलून. ज्या कामातून पुढे नोकरी लागते ते काम पहिल्या वर्षी मिळेलच असं नाही.

गोदाकाठ
रमाकांतजी, हा प्रतिसाद ह्यांना वाचायला दिला. दोनदा वाचला. काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून ठेवला. हे चांगलं लक्षण असतं.

फुलपात्र
:D :D

सावधानचिमणी
खोलीवरून एक इशारा. खोल्या शोधायच्या साइटवर भारतातून शोधताना सुंदर फोटो, स्वस्त भाडं, "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असा निरोप आला की ओळखायचं. माझ्या चुलतभावाचे हजार युरो असेच गेले. करार, व्हिडिओवर खोली आणि शक्यतो तिथल्या ओळखीच्या माणसाने प्रत्यक्ष बघितल्याशिवाय दमडी पाठवू नका. खरं डिपॉझिटही विचारून घ्या, कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

नेकारकडेचा
आणि भाडं "वार्म" आहे की "काल्ट" ते बघा. काल्टमध्ये हीटर-पाणी वेगळं. जानेवारीत कळतं.

कोकणातला_क्लार्क
बरं, मागे घेतो. शहराला अर्थ आहे. पण चिपचं क्षेत्र सोडून तिने मन बदललं तर? मग ड्रेस्डेनला काय?

बाब्या_ड्रेस्डेनकर
रास्त प्रश्न. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या इथे बर्लिन-म्युनिकपेक्षा कमी. पण पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि ते जर्मनीत कुठेही शोधता येतं. आमचे सीनियर म्युनिक, आणि देशाबाहेर ऑस्ट्रियात ग्राझ, नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनपर्यंत पांगलेत. इथे राहायचं असेल तर मात्र बी-टू लागतं. क्लीनरूममध्ये (चिप बनवायच्या धूळमुक्त खोलीत) इंग्रजी चालतं, कँटीनमध्ये नाही.

एल्बेपार
माझं मत अजून हॅम्बर्गच, पण खोली हातात असेल तरच.

गोदाकाठ
मंडळी, काल रात्री तिघं जेवणाच्या टेबलावर तिन्ही मोडुलहांडबुख उघडून बसलो. लेकीने ड्रेस्डेनचे विषय वाचले आणि तिचं तिनेच ठरवलं. मैत्रिणीला फोन केला, तर तीच दोघींत एक खोली वाटून राहते आहे. ह्यांनी फक्त "बॉश तिथेही आहे ना?" एवढं विचारलं. माझं मन अजून थोडं खालीवर होतंय, पण लेकमाहेरींनी व्यनितून (खासगी निरोपातून) एका विद्यार्थिनीशी बोलणं करून दिलं, त्याने धीर आला. दोघी तासभर बोलल्या, मला खोलीबाहेर काढून.

आता बाब्या, वसतिगृहाचा अर्ज आजच भरतोय. पर्याय द्यायला सांगितलेत. एकटीचं स्वयंपाकघर असलेली खोली महाग दिसते. सामायिक चालेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

बाब्या_ड्रेस्डेनकर
काकू, सामायिकच घ्या. एकटीच्या खोलीची रांग लांब असते. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा असतो, तवा-कढई तेवढी स्वतःची ठेवायची. जागा कॅम्पसजवळ म्हणजे झ्युडफोरश्टाड्ट किंवा श्ट्रेलेनकडे बघा, ६१ नंबरची बस वाचेल. "एक ऑक्टोबरपासून" असंच लिहा. वर्ग मध्यावर सुरू होतात, पण आनमेल्डुंग आणि बँक आधी उरकावं लागतं. आणि तिला येताना काळा मसाला आणायला सांगा. अर्धा किलो माझा.

सुगरणबाई
पाव किलो लिही रे, तिच्याही बॅगेला वजन असतं.